अमेरिकेत होस्ट फॅमिलीकडे एक वर्ष: हायस्कूल एक्स्चेंजला निघालेल्या मुलामुलींसाठी

दर ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली काही पंधरा ते अठरा वर्षांची मुलं अमेरिकेला निघतात. कुणी रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजमधून, कुणी एएफएस या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या संस्थेतून, तर कुणी अमेरिकी सरकारने 2002 मध्ये सुरू केलेल्या 'यस' शिष्यवृत्तीवर. साधारण दहा महिने तिथल्या हायस्कूलमध्ये शिकायचं आणि तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं. व्हिसा, विमान, इंग्रजी यांची तयारी सगळेच करतात. परक्या घरात घरच्यासारखं राहायची तयारी फारसं कुणी करून घेत नाही, आणि वर्ष कसं जाणार हे बहुतांशी तिथेच ठरतं.

निघणाऱ्या मुलांशी मी या विषयावर नेहमी बोलते, आणि सगळ्यात आधी हेच सांगते की अंदाज बांधत बसू नकोस, विचार. आपल्याकडे न सांगता ओळखणाऱ्या मुलाचं कौतुक होतं. पाहुण्याच्या घरी काही मागू नये, मिळेल ते गोड मानून घ्यावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हा संकोच होस्ट फॅमिलीकडे सगळ्यात जास्त नडतो. तू गप्प राहतेस किंवा राहतोस तेव्हा त्यांना वाटतं, सगळं छान चाललंय. तुला वाटतं, यांना माझी पर्वाच नाही.

हे कुटुंब तुला का ठेवून घेतं?

आपल्याकडे बरेचदा गैरसमज असतो की होस्ट फॅमिलीला पैसे मिळतात, म्हणजे हे एक प्रकारचं पेइंग गेस्ट प्रकरण आहे. तसं नाही. हायस्कूल एक्स्चेंजची मुलं जे-1 या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर जातात, आणि त्या व्हिसाच्या नियमांनुसार यजमान कुटुंबाला मोबदला देता येत नाही. ते तुला खोली आणि जेवण स्वतःच्या खिशातून देतात. मिळते ती फार तर थोडी करसवलत. तेव्हा 'आम्ही एवढे पैसे भरलेत' हे वाक्य त्या घरात उच्चारायचं नाही, मनातही आणायचं नाही. तुझ्या आईवडिलांनी भरलेले पैसे त्या घरात पोचलेले नसतात.

कुटुंब कसंही असू शकतं. मुलं मोठी होऊन बाहेर पडलेलं साठीतलं जोडपं, एकटी आई आणि तिची लहान मुलगी, चार मुलं आणि दोन कुत्री असलेलं घर. राज्य किंवा शहर बहुधा निवडता येत नाही. न्यूयॉर्कची स्वप्नं पाहणारी मुलं ओहायो किंवा आयोवातल्या छोट्या गावात पोचतात, आणि माझं मत विचाराल तर ते बरंच असतं. छोट्या गावात एक्स्चेंजचा मुलगा सगळ्यांना माहीत असतो.

काही गोष्टी मात्र तुझ्या हक्काच्या आहेत. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासलेली असते. तुला स्वतंत्र पलंग मिळायलाच हवा. सोफा-कम-बेड किंवा हवा भरायची गादी चालत नाही. खोली वाटून घ्यावी लागली तर मुलीने मुलीबरोबर, मुलाने मुलाबरोबर. आणि संस्थेच्या स्थानिक कोऑर्डिनेटरने दर महिन्याला तुझ्याशी बोललं पाहिजे. रोटरीत वर्षभरात बहुधा दोन-तीन कुटुंबं बदलतात, तो कार्यक्रमाचाच भाग असतो. इतर कार्यक्रमांत साधारण एकच घर असतं.

पायरी 1: निघण्याआधीचे दोन महिने

अर्जात खरं लिही. शाकाहारी असशील तर तसं, अंडं चालत असेल तर तेही. कुत्र्यामांजराची भीती किंवा ॲलर्जी, दमा, रोजची गोळी, पूर्वी कधी घेतलेलं समुपदेशन, सगळं. 'असं लिहिलं तर घर मिळणार नाही' या भीतीने लपवलेली गोष्ट तिथे पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, आणि मग अडचण त्या गोष्टीची राहत नाही, विश्वासाची होते.

घर कळल्याबरोबर पत्र लिही आणि एक व्हिडिओ कॉल कर. या कॉलमध्ये आईबाबांनी पाच मिनिटं दिसावं, नमस्कार करावा आणि बाजूला व्हावं. बोलायचं तू.

घरी कामं शीक. दहावीच्या वर्षात आपल्याकडे मुलांना पाण्याचा पेलाही हातात मिळतो, 'तू अभ्यास कर' म्हणून. तिथे तसं नसतं. स्वतःचे कपडे धुणं, बाथरूम घासणं, भांडी, केर, आणि दोन पदार्थ कुणाच्या मदतीशिवाय, एवढं दोन महिन्यांत सहज जमतं.

लसीकरणाची नोंद इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह घे. अमेरिकन शाळा त्याशिवाय वर्गात बसू देत नाहीत. एक गोष्ट खास आपल्या मुलांची: लहानपणी बीसीजीची (टीबीची) लस घेतलेली असल्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात उगाच घबराट होते. अशा वेळी रक्ताच्या चाचणीची विनंती करायची. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. बीसीजी घेतल्याची नोंद कागदावर असू दे.

ज्युनिअर कॉलेजचं काय करायचं, हेही निघण्याआधीच प्राचार्यांशी बोलून लेखी ठरवून घे. बहुतेक अमेरिकन शाळा एक्स्चेंज विद्यार्थ्याला पदवीदान समारंभात बसवतात, पण डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, देतीलच असं नाही. अकरावी परत करावी लागली तर ते वर्ष वाया गेलं असं मानू नये, पण ते आधी माहीत हवं.

सामानात गोडा मसाला, मेतकूट, हिंग, पापड असू दे. विमानतळावर खाण्याचं सगळं सामान जाहीर करायचं. ताजी फळं, मांस आणि ताजा कढीपत्ता नेऊ नकोस. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्यामुळे तो काढून घेतात. भेटवस्तू हलक्या आणि सपाट: वारली चित्र, खणाच्या कापडाचा टेबल रनर. महागडं काही देऊन त्यांना अवघडून टाकू नकोस.

पायरी 2: पहिल्या चार दिवसांत विचारायचे प्रश्न

रोटरीकडे 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' म्हणून एक यादीच असते. इतर कार्यक्रमांतून जाणाऱ्यांनीही ती पद्धत उचलावी. पहिल्या रात्री तू थकलेला जीव असतोस, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेवणानंतर वही घेऊन बस आणि सरळ सांग की मला घराच्या पद्धती समजून घ्यायच्या आहेत. एकाही कुटुंबाला याचा राग आलेला मी ऐकलेला नाही. मला महत्त्वाचे वाटतात ते असे:

- तुम्हाला काय म्हणून हाक मारू? (वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आपल्याला जड जातं. त्यांनी नाव सांगितलं तर नावानेच मार, त्यात अनादर नाही.)
- सकाळी बाथरूम कुणाला किती वाजता लागते? मी कधी जाऊ, किती वेळ?
- फ्रिज आणि कपाटातलं काय मी न विचारता घेऊ शकते, आणि काय कुणासाठी तरी राखलेलं असतं?
- रोजचं माझं काम कोणतं? आठवड्याचं कोणतं?
- माझे कपडे मी कधी धुवू? मशीन कसं चालवायचं, दाखवाल का?
- घरातल्या कोणत्या खोल्यांत मी जाऊ नये?
- खोलीचं दार बंद ठेवलेलं चालेल का? रात्री? मैत्रीण आलेली असताना?
- शाळेच्या दिवशी किती वाजता घरी असायला हवं? सुट्टीला? उशीर होणार असेल तर कुणाला कळवू?
- रात्री फोन कुठे ठेवायचा? वायफाय कितीपर्यंत?
- तुमच्या मुलांचे फोटो मी टाकलेले चालतील का?
- बाहेर जेवायला गेलो तर माझे पैसे मी द्यायचे का?

शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यात लाज वाटते, आणि न विचारल्याने सगळ्यात जास्त घोळ त्याचाच होतो. साधारण पद्धत अशी की घरचं जेवण त्यांचं. तुझे कपडे, साबण-शाम्पू, फोन, मित्रांबरोबरचा सिनेमा तुझा. कुटुंबाबरोबर बाहेर गेल्यावरची पद्धत प्रत्येक घराची वेगळी. पैसे उसने देऊ-घेऊ नकोस, होस्ट भावंडांनासुद्धा.

पायरी 3: बाथरूम

याच्यावर कुणी बोलत नाही, आणि पहिली कुरबूर इथूनच सुरू होते. अमेरिकन घरातल्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा पाणी जायला मोरी नसते. टबमध्ये उभं राहून शॉवर घ्यायचा, पडद्याचं खालचं टोक टबच्या आत टाकायचं. ते बाहेर राहिलं तर पाणी जमिनीवर, तिथून खालच्या मजल्याच्या छतात. लाकडी घराचं त्याने खरोखरीचं नुकसान होतं. आंघोळ झाली की जमीन पुसायची, टबमधले केस उचलायचे, पायपुसणं टबच्या कडेवर वाळत टाकायचं. टॉयलेटला पाणी वापरायची सवय असेल तर छोटं भांडं किंवा हाताने दाबायची बाटली वापर, पण थेंबही खाली राहू देऊ नकोस. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकायचा. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर, कारण टाकीतलं गरम पाणी मागच्याला उरायला हवं.

डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर उशीवर जुना टॉवेल टाक. त्यांच्या उशीच्या अभ्र्यावरचे तेलाचे डाग एका धुण्यात जात नाहीत.

पायरी 4: जेवण

आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, मग घरच्यांनी आग्रह करायचा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्यायचं. तिथे 'नको' म्हटलं की भांडं पुढे सरकतं आणि परत येत नाही. उपाशी झोपलेली मुलं मला माहीत आहेत, भरल्या टेबलावरून उठून. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हण. अजून हवं असेल तर माग. आवडलं नाही तर थोडं चाखून, 'याची मला सवय नाही, पण आभारी आहे' एवढं पुरे.

रात्रीचं जेवण अनेक घरांत संध्याकाळी साडेपाच-सहाला होतं. नऊला परत भूक लागते. म्हणूनच फ्रिजचा प्रश्न वरच्या यादीत आहे.

शाकाहारी मुलांनी आपल्या मर्यादा पहिल्या आठवड्यातच नेमक्या सांगाव्यात. 'मी मांस खात नाही' एवढ्याने भागत नाही. भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असतं, मेक्सिकन पद्धतीच्या बीन्समध्ये कधी डुकराची चरबी, मार्शमॅलो आणि जेलीत जिलेटिन. यातलं काय चालतं, काय नाही, आणि एकाच तव्यावर केलेलं चालेल का, हे तूच ठरव. एकदा ठरवलंस की त्याला धरून राहा. घरी बीफला नाही म्हणून शाळेत मित्रांबरोबर बर्गर खाल्लास तर पंचाईत होते ती होस्ट आईची, कारण ती तुझ्यासाठी वेगळं रांधत असते. मग त्यांच्यावर सगळा भार न टाकता आठवड्यातून एक-दोनदा स्वतः रांध.

आणि रांधताना फोडणी सांभाळ. बऱ्याच अमेरिकन घरांत चुलीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, आणि छताला धुराचा अलार्म असतो. आपल्यासारखं तेल कडकडीत तापवून मोहरी टाकलीस की अलार्म किंचाळायला लागतो आणि कुत्रं पलंगाखाली. खिडकी उघड, आच मध्यम ठेव, मोहरी तडतडली की लगेच कांदा टाक. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, गार करून डब्यात भरून कचऱ्यात. पहिला पदार्थ म्हणून मी बटाट्याची पिवळी भाजी किंवा श्रीखंड सुचवते. श्रीखंडासाठी चक्का टांगायची गरज नाही. घट्ट ग्रीक योगर्ट रात्रभर कापडात गाळून साखर, वेलदोडा, थोडं केशर घातलं की झालं. लहान मुलांना ते हमखास आवडतं, आणि ज्यांना तिखट चालत नाही अशा आजी-आजोबांनाही.

पायरी 5: घरातलं काम

तुझ्या वाटणीला येतील ती कामं सांगण्याआधी कर. जेवल्यावर आपली ताटली उचलून, खरकटं कचऱ्यात काढून डिशवॉशरमध्ये लावायची. डिशवॉशरमध्ये हाताने भांडी घासायचा साबण कधीही घालायचा नाही. फेस स्वयंपाकघरभर येतो. ड्रायर वापरताना आधी त्याची जाळी साफ करायची, त्यात साठलेल्या धाग्यांना आग लागू शकते. कपडे ड्रायरमध्ये विसरून शाळेत जायचं नाही.

आभार मान. आपण आईला वाढल्याबद्दल थँक्यू म्हणत नाही, म्हटलं तर तिलाच परकं वाटेल. तिथे शाळेत सोडल्याबद्दल, जेवणाबद्दल, मोजे शोधून दिल्याबद्दल, प्रत्येक वेळी म्हणायचं. न म्हणणारं मूल त्यांना उद्धट वाटतं, मनात कितीही कृतज्ञता असली तरी.

संध्याकाळी खोलीत दार लावून बसू नकोस. होमवर्क स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बस. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू असेल आणि त्यातलं काही कळत नसेल तर तेच विचार. तासाभराचा हा सहवास मोठ्या सहलीपेक्षा जास्त कामाचा असतो.

पायरी 6: गाडी, शाळा, नियम

छोट्या गावात बस-रिक्षा नसते आणि तुला गाडी चालवायची परवानगी नसते. जाण्यायेण्यासाठी तू पूर्णपणे त्यांच्यावर अवलंबून. म्हणून रविवारी संध्याकाळी आठवड्याचं सांग: मंगळवारी बँडचा सराव, शुक्रवारी मॅच, आणायला कोण येईल. आयत्या वेळी फोन करू नकोस. शाळेत एखाद्या खेळात, नाटकात किंवा गायनवृंदात नाव घाल. मैत्री तिथे होते, आणि मित्रांचे पालक घरी सोडायला लागले की होस्ट फॅमिलीचाही भार हलका होतो.

दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि डेटिंग या चार गोष्टींना रोटरीत स्पष्ट मनाई आहे. दारूचं कायदेशीर वय अमेरिकेत 21 आहे. पहिल्या तिन्हींत सापडणाऱ्याला कोणताही कार्यक्रम सहसा परतीचं विमान दाखवतो.

चर्च हा प्रश्न हमखास येतो. कुटुंब रविवारी जात असेल तर एक-दोनदा सोबत जा. ते त्यांच्या आठवड्याचा भाग आहे आणि अर्ध्या गावाची ओळख तिथेच होते. प्रार्थनेत भाग घेण्याची सक्ती मात्र कुणी करू शकत नाही. अवघडल्यासारखं झालं तर कोऑर्डिनेटरला सांग.

पायरी 7: फोन, आठवण, सण

न्यूयॉर्क, ओहायोकडचा भाग उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. आईबाबा रात्री नऊला निवांत होतात तेव्हा तू वर्गात असतेस. म्हणून रविवार सकाळ ठरवून टाक. तिथले साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात इथले संध्याकाळचे सात. आठवड्यातून एक मोठा कॉल आणि मधे एखादा निरोप पुरे. रोज तासभर मराठीत बोलणाऱ्या मुलांना घराची आठवण कमी होत नाही, वाढते.

आठवण येणारच. बरेचदा ती सुरुवातीला न येता नोव्हेंबर-डिसेंबरात येते, दिवस लहान होतात, चारला अंधारायला लागतं तेव्हा. होस्ट आईला सांग. लपवून रडलेलं त्यांना कळतं, पण कारण कळत नाही, आणि त्या स्वतःला दोष देत बसतात.

गणपती तू पोचल्यावर तीन-चार आठवड्यांतच येतात. छोटी मूर्ती न्यायची तर ने, पण निरांजन-उदबत्ती लावण्याआधी विचार. खोलीत ज्योत पेटवायला अनेक घरांत मनाई असते. बॅटरीचा दिवा चालतो. सगळ्यांना बसवून आरती म्हण, अर्थ सांग, हातात खोबऱ्याची खिरापत दे. दिवाळीला जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असेल तर होस्ट फॅमिलीला घेऊन जा. मंडळात रमणं चांगलंच, पण दर शनिवार-रविवार मराठी घरांत घालवायला लागलास तर ज्या घरासाठी गेलास ते हातातून निसटतं. थँक्सगिव्हिंग मात्र त्यांच्याबरोबरच. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. पाहुण्यांसाठी बटाटे सोलायला सकाळपासून हाताशी उभी राहा.

पायरी 8: खटके उडाले तर

आधी त्यांच्याशी बोल. भांडणाच्या क्षणी नाही, दुसऱ्या दिवशी. एकच मुद्दा, उदाहरणासह. 'मला परवा मॅचनंतर तासभर थांबावं लागलं, पुढच्या वेळी काय करूया?' असं. त्याने भागलं नाही तर कोऑर्डिनेटर. आईबाबांना सांग जरूर, पण त्यांच्याकडून होस्ट आईला मेसेज जाऊ देऊ नकोस. पुण्याहून आलेल्या रागाच्या मेसेजनंतर साध्या गोष्टीही विकोपाला जातात.

काही गोष्टींत मात्र कुणाशी जुळवून घ्यायचं नाही, थांबायचं नाही. कुणी नको तसा स्पर्श केला, नको तसं बोललं, खोलीत न विचारता येत राहिलं, जेवण तोडलं, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतला, 'हे कुणाला सांगू नकोस' म्हटलं, तर त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला सांग. त्याने ऐकलं नाही तर संस्थेच्या मुख्य कार्यालयाला, शाळेतल्या काउन्सेलरला, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठीच्या हेल्पलाइनला. हे नंबर निघण्याआधीच कागदावर लिहून पाकिटात ठेव, नुसते फोनमध्ये नको. जिवावरचा प्रसंग असेल तर 911. कुटुंब चांगलं म्हणून नावाजलेलं आहे, त्यांनी आपल्यासाठी खूप केलंय, आपल्यामुळे त्यांची बदनामी होईल, असले विचार मनात येतील. ते बाजूला ठेव. तुझी सुरक्षितता आधी.

आणि नुसतंच जमत नसेल, कुणाची चूक नसताना, तरी घर बदलता येतं. दर वर्षी मुलं बदलतात. त्यात नापास होण्यासारखं काही नाही.

आईवडिलांसाठी थोडं

मूल रडत फोन करेल त्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही. तरीही लगेच तिकीट काढू नका, आणि लगेच रागावूही नका. ऐका, आणि मग विचारा, 'कोऑर्डिनेटरशी बोललीस का?' मात्र पायरी 8 मध्ये 'जुळवून घ्यायचं नाही' म्हणून सांगितलेली एखादी गोष्ट कानावर आली तर वाट न पाहता संस्थेला स्वतः फोन करा. वर्षाच्या मध्येच भेटायला जाऊ नका. बहुतेक संस्था त्याला नकार देतात, आणि त्यामागे कारण आहे. मूल नुकतं रुळत असतं. होस्ट आईशी ओळख जरूर ठेवा. दिवाळीला शुभेच्छा, नाताळला एक पत्र, एवढी.

पायरी 9: निघताना

मेपासून आवरायला घे. शेवटच्या आठवड्यात ग्रॅज्युएशन, निरोप, रडारड यात काहीच होत नाही. चेकइन बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते, त्यामुळे हिवाळी जाकीट आणि बूट कुणाला द्यायचे ते ठरव. लायब्ररीची पुस्तकं आणि शाळेचा लॅपटॉप परत कर, घराची किल्ली त्यांच्या हातात दे, चादरी धुऊन घडी करून ठेव. शाळेच्या ऑफिसमधून ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे गुणपत्रकाच्या, दोन-तीन सीलबंद प्रती माग आणि हातातल्या बॅगेत ठेव. पाकिटं फोडू नकोस. कॉलेजला आणि पुढे परदेशी विद्यापीठांना ती सीलबंदच लागतात, आणि सुट्टीत अमेरिकन शाळांची ऑफिसं बंद असल्यामुळे जुलैत इथून मागवायला गेलं की आठवडे जातात.